आमवात, कोलेस्टेरॉल आणि ‘नॉर्मल’ रिपोर्टचा चकवा

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मन्याडकाठच्या एका गावातली पंचेचाळिशीची बाई मुलाबरोबर माझ्या दवाखान्यात आली. अंगाने काटकुळी. दोन्ही हातांच्या बोटांची मधली पेरे फुगलेली, मनगटे सुजलेली. “डाक्टर साहेब, सकाळी उठलं की मूठच वळत नाही. भाकर थापायला येईना झालंय. सून आलीय म्हणून बरं,” असे तिने सांगितले. सहा वर्षांपासून दुखत होते. या सहा वर्षांत तिने दुकानातून मिळतील त्या गोळ्या घेतल्या होत्या, कुणा एकाच्या पुड्याही खाल्ल्या होत्या.

मुलाने पुढे केलेला रक्ततपासणीचा कागद मी पाहिला. एकूण कोलेस्टेरॉल १४८. मी समाधानाने म्हणालो, “मावशी, तुमचं कोलेस्टेरॉल तर आमच्यापेक्षा चांगलं आहे. हृदयाची काही काळजी नाही. आपण सांध्यांचं बघू.” त्याच कागदावर एचडीएल ३१ होते आणि दोन ओळी खाली ईएसआर ७८ होता. हे दोन्ही आकडे मी वाचले, परंतु कोलेस्टेरॉलशी त्यांचा संबंध जोडला नाही. दुखणे मुरलेले होते, तेव्हा संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवा असे सांगून मी नांदेडला चिठ्ठी दिली. बाई काही नांदेडला गेली नाही. कापूस वेचणीचे दिवस होते.

चार महिन्यांनी तिचा मुलगा धावत आला. दोन दिवसांपासून आईचा डावा खांदा भरून आला होता, पाठीत अवघडले होते, घाम सुटत होता. घरच्यांनी ‘वात खांद्यात चढला’ म्हणून तेल चोळले आणि शेक दिला. कार्डिओग्राम काढला तेव्हा हृदयविकाराचा झटका येऊन बराच वेळ लोटला होता. कंधारहून लोह्यामार्गे नांदेड पन्नासेक किलोमीटर. बाई वाचली, पण हृदयाचा एक भाग कायमचा अधू झाला. जिना चढला की तिला आजही दम लागतो.

मी तिला काळजी नाही असे सांगितले होते, ते चुकीचे होते. मात्र कागदावरचा आकडा चुकीचा नव्हता. वाचकहो, आकडा बरोबर असून निदान कसे चुकते, हे या लेखात सांगावयाचे आहे. आमवात असलेल्या प्रत्येक घरात ते माहीत असायला हवे, असे मला वाटते.

प्रथम आजाराचे नाव स्पष्ट करतो. आपल्याकडे कोणतेही सांधे दुखले की ‘वात’ म्हणण्याची पद्धत आहे. पण वयोमानाने गुडघे झिजणे हा एक प्रकार आणि आमवात, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, हा अगदी निराळा प्रकार. आमवातात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. दोन्ही बाजूंचे लहान सांधे सुजतात. सकाळी आखडलेले शरीर मोकळे व्हायला तासभर किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हा आजार कितीतरी अधिक, आणि तोही बहुधा कामाच्या वयात. आयुर्वेदातल्या ‘माधवनिदान’ या जुन्या ग्रंथात आमवाताचे वर्णन आहे, त्यात या वेदनेला विंचवाच्या दंशाची उपमा दिलेली आहे. आमच्याकडचे रोगीही नेमके तसेच सांगतात, ग्रंथ न वाचता.

हा आजार दुर्मीळ आहे असे कुणी समजू नये. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण या गावी घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने चाललेला तो उपक्रम होता. मोठ्या माणसांत दर हजारी सुमारे पाच जणांना आमवात आढळला. या हिशेबाने दोन हजार वस्तीच्या गावात पाच-सात रोगी निघतात. आपल्या गावात कोण, ते वाचकांनी मनात मोजून पाहावे. नावे सापडतील.

आता कोलेस्टेरॉलकडे वळू. कोलेस्टेरॉल हे काही विष नव्हे. पेशींचे आवरण, काही संप्रेरके, पचनाचे पित्त हे सगळे त्यापासून बनते आणि त्याचा मोठा वाटा आपले यकृत स्वतःच तयार करते. अडचण एवढीच की ते तेलकट आहे आणि रक्त पाणीदार. पाण्यात तेल मिसळत नाही. म्हणून शरीर कोलेस्टेरॉलची अतिसूक्ष्म गोळी बांधते, तिच्यावर प्रथिनाचे वेष्टन चढवते आणि मग ती रक्तात सोडते. हे कोलेस्टेरॉलचे कण. एलडीएल नावाचे कण यकृताकडून माल घेऊन शरीरभर हिंडतात, तर एचडीएल नावाचे कण भिंतींत साठलेला माल उचलून परत आणतात. म्हणून पहिल्याला वाईट आणि दुसऱ्याला चांगले म्हणण्याची रीत पडली.

प्रयोगशाळेचा कागद आपल्याला काय सांगतो? तो कणांतल्या मालाचे वजन सांगतो. कण किती आहेत हे सांगत नाही. कापसाच्या हंगामात शंभर क्विंटल कापूस दोन ट्रकांतून गेला काय किंवा दहा बैलगाड्यांतून गेला काय, काट्यावरचे वजन तेवढेच भरते. पण रस्त्यावरची गर्दी आणि वळणावर कठड्याला चाक घासण्याचा धोका गाड्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. एलडीएलचे कण लहान आणि घट्ट झाले की प्रत्येकात माल थोडा मावतो, म्हणून तेवढ्याच वजनाला कण जास्त लागतात. शिवाय हे बारीक कण रक्तवाहिनीच्या अस्तरातून आत शिरतात, तिथे अडकून पडतात आणि लवकर खवट होतात. घरात डालडा किंवा खोबरे खवट होते, तशाच जातीची ही रासायनिक क्रिया आहे.

अस्तराचे काय होते हे समजण्यासाठी आपली जुनी माळवदाची घरे आठवा. वरची पांढरी माती शाबूत असली तर मुसळधार पावसातही घर गळत नाही. माती झिजली, भेगा पडल्या की साध्या रिपरिपीलाही खाली भांडी मांडावी लागतात. पाऊस तितकाच, किंबहुना कमी, पण घर गळते.

आमवातात नेमके हेच घडते. सुजलेल्या सांध्यात जी दाहकारक रसायने तयार होतात ती सांध्यातच बसून राहत नाहीत. रक्तावाटे ती सगळीकडे जातात. हृदयाच्या, मेंदूच्या, पायाच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर त्यांच्यामुळे सैल आणि चिकट होते. पांढऱ्या पेशी तिथे चिकटून आत शिरतात. आत अडकलेले खवट एलडीएल कण त्या गिळतात आणि गिळून गिळून फुगतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. अशा पेशींचा थर साठत गेला की वाहिनीच्या भिंतीत चरबीची गाठ तयार होते. दाह चालूच असेल तर त्या गाठीवरचे पातळ आवरण कमजोर होते. एके दिवशी ते फाटते, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद पडते. हाच हृदयविकाराचा झटका. सांध्यातले हाड कुरतडणारा दाह आणि वाहिनीतली गाठ फोडणारा दाह, दोहोंत रसायने बव्हंशी तीच असतात.

एवढ्यावर थांबते तर बरे होते. आमवाताचा जोर असताना एचडीएलचे कणही बिघडतात. त्यांच्या वेष्टनातली कामाची प्रथिने बाजूला सारली जाऊन दाहाच्या काळात यकृताने बनवलेली दुसरीच प्रथिने तिथे जागा घेतात. मग हे कण एलडीएलला खवट होण्यापासून वाचवू शकत नाहीत. काही रोग्यांत तर तेच दाहाला हातभार लावतात. गावाचा जागल्याच चोराला जाऊन मिळावा तशी ही गत. कागदावर ‘चांगले कोलेस्टेरॉल’ म्हणून छापलेला आकडा अशा वेळी किती चांगला, हे आकड्यावरून कळत नाही.

आणि आता चकव्याचा भाग. आमवात जितका भडकलेला, तितके एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल खाली येते. दाहाच्या काळात शरीर कोलेस्टेरॉल अधिक वेगाने मोडते आणि रक्तातून ओढून घेते. तेव्हा कागद छान दिसतो आणि रोगी मात्र धोक्यात असतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०११ साली आपल्या आमवाताच्या रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे एकूण कोलेस्टेरॉल फार कमी होते अशा रोग्यांतही हृदयविकाराचा धोका वाढलेला त्यांना आढळला, आणि ज्यांचा ईएसआर चढा होता त्यांचा धोका जास्त होता. निरोगी माणसाला लावायची फूटपट्टी इथे चालत नाही. माझ्या त्या रोगी बाईचे १४८ हे आरोग्याचे लक्षण नव्हते, आजाराचे होते. ७८ ईएसआरने ते मला सांगितलेही होते.

आमवाताच्या रोग्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका इतरांच्या साधारण दीडपट धरला जातो. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा आहे की, नेहमीच्या तक्त्यावरून रोग्याचा जो धोका निघेल त्याला दीडने गुणावे. भारतीय माणसाच्या बाबतीत या गुणाकाराला अधिक अर्थ आहे, कारण आपल्याकडे मूळ आकडाच मोठा. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासातील दक्षिण आशियाची माहिती नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडली. पहिला झटका येण्याचे सरासरी वय आपल्या भागात ५३ निघाले, इतर देशांत ते ५९ च्या आसपास होते. सहा वर्षे अगोदर! घरातल्या कर्त्या माणसाची सहा वर्षे म्हणजे एखाद्या मुलीचे लग्न आणि एखाद्या मुलाचे शिक्षण. त्याच अभ्यासात कणांची संख्या दाखवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण हा धोका ओळखण्याचा मोठा निकष ठरला. प्रत्येक एलडीएल कणावर अपो-बी नावाचे प्रथिन एकच असते, त्यामुळे अपो-बी मोजले की कण मोजल्यासारखे होते. ही तपासणी मोठ्या प्रयोगशाळांतून होते, पण तिचा खर्च सर्वांना झेपेल असे नाही. ज्यांना ती शक्य नाही त्यांनी एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करावे. ही वजाबाकी फुकट आहे आणि नुसत्या एलडीएलच्या आकड्यापेक्षा कणांचा अंदाज बऱ्यापैकी देते.

झटक्याची लक्षणे आमवाताच्या रोग्यांत फसवी असतात, हेही ध्यानात ठेवावे. हा रोगी मुळात कमी चालतो, त्यामुळे चढावर छातीत दुखण्याची वेळच येत नाही. खांदा, मान, पाठ तर रोजच दुखते, तेव्हा नवे दुखणे जुन्यात मिसळून जाते. त्यातून वेदनाशामक गोळ्या चालू असतात. मेयो क्लिनिकच्याच २००५ सालच्या अभ्यासात असे दिसले होते की, आमवाताच्या रोग्यांना छातीत दुखल्याची तक्रार इतरांपेक्षा कमी असते, पण लक्षात न आलेले झटके आणि अकस्मात मृत्यू अधिक असतात. म्हणून डावा खांदा, जबडा किंवा पाठ नव्याने भरून आली, त्यासोबत घाम, दम किंवा मळमळ असली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि आधी कार्डिओग्राम काढून घ्यावा. वातच निघाला तर तेल नंतरही चोळता येते.

गोळ्यांविषयी थोडे कठोर बोलावे लागेल. आमच्याकडे दोन प्रकारच्या गोळ्यांवर आमवात वर्षानुवर्षे रेटला जातो. एक, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक. त्या दुखणे दाबतात, सांध्याचा आजार थांबवत नाहीत आणि दीर्घकाळ घेतल्यास हृदय व मूत्रपिंड दोहोंना त्रास देऊ शकतात. रोफेकॉक्सिब ही या वर्गातली एके काळची गाजलेली गोळी तर हृदयावरच्या दुष्परिणामांमुळे २००४ साली जगभरातून मागे घेण्यात आली. दुसरा प्रकार म्हणजे स्टेरॉइड. ती बारीक गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी माणूस शेतात जातो, म्हणून ती लोकप्रिय आहे. काही पुड्यांतही न सांगता ती मिसळलेली असते. स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कमीत कमी मात्रेत, थोडे दिवस ते उपयोगी पडते. पण मनाने वर्षानुवर्षे घेतले तर साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तिन्ही वाढवते. जे घेत असतील त्यांनी हे वाचून एकदम बंदही करू नये. अचानक थांबवल्याने जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना खरे सांगावे आणि हळूहळू कमी करावे.

आमवात मुळाशी आवरणारी औषधे वेगळी आहेत. त्यांत मेथोट्रेक्सेट हे प्रमुख. ते स्वस्त आहे आणि जुने आहे, त्यामुळे त्याचे गुणदोष चांगले ठाऊक आहेत. याबाबत एक गोष्ट मी रोग्याला तीनदा सांगतो आणि मग त्याच्याकडून वदवून घेतो: ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. ठरावीक काळाने रक्त व यकृताची तपासणी करावी लागते, फॉलिक अॅसिडची गोळी सोबत द्यावी लागते आणि मूल होऊ देण्याचा विचार असेल तर अगोदर डॉक्टरांशी बोलावे लागते. ज्या आमवाताच्या रोग्यांनी ही गोळी नियमित घेतली त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू कमी दिसले आहेत. म्हणून ज्यांना आमवात नाही अशांनी हृदयासाठी ती घ्यावी काय? नाही. अशा लोकांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये तिचा निकाल आला आणि त्यांना काही फायदा झाला नाही. ही गोळी आमवाताचा दाह शमवते. जिथे तो दाहच नाही तिथे ती काय करणार?

इथे आणखी एक चकवा आहे. माझ्याकडे एक शिक्षक येतात. मेथोट्रेक्सेट सुरू केल्यावर आठ महिन्यांत त्यांची मनगटे मोकळी झाली, फळ्यावर पूर्वीसारखे लिहू लागले. पण एकूण कोलेस्टेरॉल १५२ वरून १९१ वर गेले. ते कागद घेऊन आले आणि जरा रागानेच म्हणाले, “साहेब, तुमच्या गोळीनं माझं कोलेस्टेरॉल वाढवलं. मी बंद करतो.” मी त्यांना दाह मोजणाऱ्या सीआरपीचे आकडे दाखवले. ते ४२ वरून ४ वर आले होते. पूर्वीचे १५२ हे आजाराने खाली ओढलेले होते. दाह शमला तेव्हा त्यांचे खरे कोलेस्टेरॉल कागदावर आले. आता त्यावर काय करायचे हे ठरवता येते. सर गणिताचे आहेत, त्यांना लगेच पटले. म्हणूनच कोलेस्टेरॉल तपासायचे ते आमवात आटोक्यात असताना, आणि सोबत ईएसआर किंवा सीआरपी पाहूनच त्याचा अर्थ लावायचा. दाह शमल्यावर आकडा चढा निघाला तर स्टॅटिन वर्गातली गोळी आमवाताच्या रोग्यांतही एलडीएल चांगले उतरवते. कुणाला द्यायची ते वय, रक्तदाब, साखर आणि तंबाखू पाहून डॉक्टर ठरवतील.

तंबाखूचे नाव निघालेच आहे. धूम्रपानाने आमवात होण्याचा संभव वाढतो आणि झालेला आमवात अधिक चिवट होतो, हे सिद्ध झालेले आहे. आपल्या बायका विडी ओढत नाहीत, पण मिसरी लावतात आणि ती तंबाखूत धरत नाहीत. “तंबाखू खाता का?” असे विचारले तर “नाही” म्हणतात. “मिसरी?” असे विचारले तर हसतात. मी आता दुसराच प्रश्न आधी विचारतो.

खाण्याबाबत फार पथ्यपाणी सांगण्याची मला हौस नाही. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे हे आपले जेवण वाईट नाही. तळणाचे तेच तेल पुन्हा पुन्हा तापवू नये, वनस्पती तूप टाळावे, लोणचे-पापडाचे मीठ आवरावे. आणि काटकुळा माणूस सुरक्षित, हा समज सोडावा. आमवात स्नायू झिजवतो. त्यामुळे रोगी बारीक दिसतो, तरी चरबीचे प्रमाण वाढलेले असू शकते. रक्तदाब आणि साखर ग्रामीण रुग्णालयात तपासता येते. आमवाताच्या रोग्याने ती वर्षातून एकदा तरी पाहून घ्यावी, मग पायावर चालत येणारा असो की खाटेवरून आणावा लागणारा.

त्या बाईचा आमवात पुढे नांदेडच्या डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेटवर आणला. हृदयाच्या गोळ्याही चालू आहेत. वार चुकू नये म्हणून मुलाने युक्ती काढली आहे: गोळी बाजाराच्या दिवशी. गावात बाजाराची पिशवी निघाली की सून पाण्याचा तांब्या आणि ती एक गोळी सासूच्या हातावर ठेवते. मागच्या महिन्यात ती आली तेव्हा ईएसआर २२ होता. कागद माझ्यापुढे धरून तिने बोट ठेवले ते कोलेस्टेरॉलच्या ओळीवर नव्हे, त्याखालच्या ओळीवर. “साहेब, ह्ये आधी बघा,” ती म्हणाली.